खंडेनवमीला बंद केलेला नायट्रोजन

बबलरमधले बुडबुडे थांबले तेव्हा हैदराबादहून आलेल्या रावांनी घड्याळात पाहिलं. मी पाहिलं नाही. ते का थांबले हे मला माहीत होतं.

बबलर म्हणजे तेल भरलेली काचेची छोटी नळी. रिअ‍ॅक्टरमधून वायू बाहेर पडला की या तेलातून बुडबुडे काढत जातो. आमच्या रिअ‍ॅक्शनमध्ये काम जसं पुढे सरकेल तसा एथिलीन वायू सुटायला हवा होता. बुडबुडे चालू, तर काम चालू. लॅबमध्ये ते दुपारभर अखंड येत. इथे उरवड्याच्या प्लँटमध्ये ते आधी जोरात आले, मग रेंगाळले, आणि पाहुण्यांसाठी मागवलेला चहा यायच्या आत बंद पडले.

‘टेंपरेचर बघा,’ दातारसाहेब म्हणाले. ते आमचे एमडी.

‘बरोबर आहे, सर,’ प्रज्ञा म्हणाली.

‘स्टिरर?’

‘चालू आहे.’

‘मग झालं काय?’

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी स्टीमच्या व्हॉल्व्हकडे पाहू लागलो. त्या व्हॉल्व्हचा या रिअ‍ॅक्शनशी काडीचा संबंध नव्हता.

ही गोष्ट २००५ च्या ऑक्टोबरमधली. मुळशी तालुक्यात, उरवड्याला, आमची छोटी केमिकल कंपनी होती. मोठ्या औषध कंपन्यांना लागणारी अवघड रसायनं आम्ही करून द्यायचो. मी तिथे आर अँड डी मॅनेजर होतो. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. प्रज्ञा सोनावणे माझ्या हाताखालची सीनियर केमिस्ट. उरवड्याचीच. आई रोजंदारीवर जायची, मुलीनं पुण्यात राहून एम.एस्सी. केलं होतं. हैदराबादच्या एका कंपनीचे राव आमची ट्रायल बघायला आले होते. ट्रायल जमली असती तर काम आम्हाला मिळणार होतं, आणि त्या कामाची प्रोजेक्ट लीडर प्रज्ञा होणार होती. दातारसाहेबांनी तसं तिला सांगितलंही होतं.

ट्रायल फसली, आणि त्याचा ठपका प्रज्ञावर आला. तो चुकीचा होता. रिपोर्टमध्ये कारण म्हणून जे लिहिलं गेलं ते मी लिहिलं होतं. ते दुरुस्त करायला मी बसलो आहे. त्यासाठी थोडं रसायनशास्त्र सांगावं लागेल. नाही सांगितलं तर ‘एवढंसं काय झालं त्यात’ असं वाटेल, आणि तेच मला नको आहे.

रावांच्या कंपनीनं दिलेल्या मालात एक लांब साखळीसारखा रेणू होता. त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून त्याची बांगडी करायची होती. हे काम करणारा कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रिअ‍ॅक्शन घडवून आणणारा पदार्थ, मॉलिब्डेनम या धातूचा होता. त्यात धातू एका बाजूनं नायट्रोजनच्या अणूला आणि दुसऱ्या बाजूनं कार्बनच्या अणूला एकेरी नव्हे, दुहेरी बंधानं धरून असतो. नायट्रोजनकडचा बंध शांत असतो. तो धातूला सांभाळतो, बाकी काही करत नाही. काम करतो तो कार्बनकडचा. फुगडीच्या दोन जोड्या शेजारी शेजारी फिरताहेत आणि फिरता फिरता त्यांनी जोडीदार बदलले, असं समजा. धातू आपला कार्बन सोडतो, साखळीचं टोक धरतो, मग तेही सोडून पुढचं धरतो. असं करत करत बांगडी पुरी होते आणि उरलेलं एथिलीन बाहेर पडतं.

अडचण एकच. मॉलिब्डेनमला कार्बनपेक्षा ऑक्सिजन फार प्रिय. हवा लागली, ओल लागली, की तो कार्बनला टाकून ऑक्सिजन धरतो, आणि एकदा धरला की सोडत नाही. फुगडी संपली. म्हणून हा पदार्थ हवेत काढायचाच नाही. ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवायचा. ग्लव्ह बॉक्स म्हणजे काचेची बंद पेटी, आत शुद्ध नायट्रोजन वायू, आणि काचेतून आत गेलेले लांब रबरी हातमोजे. बाहेर उभं राहून मोज्यात हात घालायचे आणि आतलं काम करायचं. नायट्रोजन आतून सतत थोडा दाब देत राहतो, म्हणून बाहेरची हवा आत येत नाही. नायट्रोजन थांबला तर ती रबरातून आणि सांध्यांतून हळूहळू शिरते.

आत हवा आहे की नाही हे बघायला महागडी यंत्रं मिळतात. आमच्याकडे होता एक बल्ब. साधा घरगुती बल्ब, पण त्याची काच बर्नरवर तापवून प्रज्ञानं त्याला बाजूला एक भोक पाडलेलं. पेटीत ऑक्सिजन नसेल तर असा बल्ब खुशाल जळत राहतो. असेल तर फिलामेंट भडकतं, पांढरा धूर निघतो आणि बल्ब जातो. प्रज्ञा रोज आल्या आल्या आधी तो लावून बघायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, आणि ते नेमकं याच प्रकारच्या रिअ‍ॅक्शनसाठी होतं. दातारसाहेबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्यांनी सगळ्या प्लँटला पेढे वाटले. बॉयलरवरच्या माणसानंही खाल्ले आणि विचारलं, ‘आपल्याला गावलं का काय बक्षीस?’ दातारसाहेबांनी रावांना फोन केला. ‘नोबेलवाली केमिस्ट्री आम्ही मुळशीत करतोय. या, बघा.’ आणि ट्रायलचा दिवस ठरवून टाकला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

त्याच दुपारी प्रज्ञा रजेचा अर्ज घेऊन आली. दसऱ्याला ती दर वर्षी आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायची.

‘ट्रायलच्या तोंडावर?’ मी म्हणालो.

‘सर, खंडेनवमीला इथे पूजाच असते, काम नसतं. दसऱ्याला सुट्टी. मी कामाचा दिवस बुडवत नाहीये.’

‘कॅटॅलिस्ट?’

‘तयार होतोय. जायच्या आधी गाळून बॉक्समध्ये वाळत ठेवते. येईन त्या सकाळी कोरडा मिळेल. तुम्ही फक्त एक करा, सर. नायट्रोजन चालू राहू द्या.’

‘ते सांगायला हवं का मला?’

ती हसली. ‘शेडगेमामांनाही सांगते.’

वाळत ठेवायचा म्हणजे उघड्या बशीत, बॉक्सच्या आत. हीच पद्धत होती. तिनं लिहिली होती, मी सही केली होती. पुढे मीटिंगमध्ये ‘उघडा का ठेवला?’ असा प्रश्न आला, म्हणून हे आत्ताच सांगतो.

शेडगेमामा आमचे युटिलिटीचे ऑपरेटर. बॉयलर, चिलर, कॉम्प्रेसर आणि हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारा छोटा प्लँट, हे सगळं त्यांच्याकडे. खंडेनवमीला आमच्याकडे दणक्यात पूजा व्हायची. आदल्या दिवशी यंत्रं धुवायची. सकाळी ती थांबवायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा, नारळ. एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं, दोन दिवस त्याला विश्रांती. कामगार हे फार मनापासून करत. मीही करायचो.

त्या दिवशी पूजेचं टेबल नायट्रोजन प्लँटच्या शेजारी मांडलं होतं. भटजींचा आवाज कॉम्प्रेसरच्या धडधडीत कुणाला ऐकू येईना. दातारसाहेबांना पूजेनंतर नोबेलवर चार शब्द बोलायचे होते.

‘हे बंद करता येणार नाही का?’ त्यांनी मला विचारलं.

मी शेडगेमामांकडे वळलो. ‘मामा, बंद करा.’

‘नायट्रोजन बी? प्रज्ञा मॅडम चालू ठिवा म्हणून सांगून गेल्यात.’

‘नायट्रोजनचा सिलिंडर आहे ना स्टँडबाय? बॉक्स त्याच्यावर टाका.’

‘टाकतो. पर सिलिंडरात किती हाय ते बघाया पायजे.’

‘असेल हो. भरलेलाच असतो.’

‘आन् पूजा झाल्यावर? पुन्यांदा चालू करू व्हय?’

इथे मी थांबलो. मागे उभे असलेले कामगार ऐकत होते. त्यांच्यातला एकजण म्हणाला, ‘साहेब, सगळ्या मशिनी निजल्या आन् एकटाच कॉम्प्रेसर राबतुया, बरं दिसतं का? वर्षभर त्योच तर राबतो.’ सगळे हसले. मीही हसलो. मला त्या दिवशी सगळ्यांचा लाडका साहेब व्हायचं होतं.

‘राहू द्या बंद,’ मी म्हणालो. ‘सिलिंडर आहे.’

कॉम्प्रेसर थांबला. एकदम शांतता झाली. भटजींचा आवाज ऐकू येऊ लागला. कॉम्प्रेसरला माळ घातली, ग्लव्ह बॉक्सच्या काचेवर कुणी तरी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दातारसाहेब बोलले, टाळ्या पडल्या, आणि दुपारच्या आत सगळे घरी गेले. सिलिंडरचं मीटर मी पाहिलं नाही. जाताना त्याच्या शेजारून गेलो, तरी पाहिलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आपट्याची पानं देत फिरत होतो, तेव्हा अचानक तो सिलिंडर डोळ्यांपुढे आला. हातातलं पान तसंच राहिलं. समोरचे गृहस्थ म्हणाले, ‘काय हो, सोनं देताय की नाही?’ मी दिलं. उरवड्याला सिक्युरिटीला फोन करावा असं वाटलं. फोन करून त्याला काय सांगणार, मीटर कुठलं, आकडा कुठला? स्वतः जावं असंही वाटलं. मग वाटलं, असेल. भरलेलाच असतो. जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर उन्हात फिरल्याचं सांगितलं.

ट्रायलच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. सिलिंडरचा काटा शून्यावर होता. बॉक्सचे हातमोजे एरवी आतल्या दाबानं बाहेरच्या बाजूला फुगून असतात. ते लुळे पडले होते.

शेडगेमामा आले. त्यांनी काटा पाहिला, मला पाहिलं आणि प्लँट चालू केला. मी बल्ब लावला. तो क्षणभर झगझगीत पेटला, आत पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि विझला.

यापेक्षा स्पष्ट उत्तर कुठलंही महागडं यंत्र देऊ शकलं नसतं. आत हवा होती.

मी नायट्रोजन पूर्ण सोडून पेटी पुन्हा पुन्हा धुऊन काढली. तिथल्याच खोक्यातून नवा बल्ब घेतला, त्याला घाईघाईनं भोक पाडलं, आत नेऊन लावला. जळत राहिला. आता बॉक्स चांगला होता. बशीतल्या पावडरीचं काय? प्रज्ञा करायची तो कॅटॅलिस्ट हळदीसारखा पिवळाधमक असे. बशीत पिवळाच दिसत होता. कडेनं किंचित मळकट. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मनाशी म्हणालो, वरवरचा थर गेला असेल. आत चांगला असेल. असेल, असेल. त्या तीन दिवसांत हा एकच शब्द मी किती वापरला.

प्रज्ञा नागपूरहून थेट कंपनीतच आली. खांद्यावर बॅग, हातात सगळ्यांसाठी संत्र्याची बर्फी. बर्फी टेबलावर ठेवून ती बॉक्सशी गेली. बल्ब लावून बघितला, समाधान झालं. मग बशीवर वाकली.

‘सर, रंग बरोबर वाटत नाही.’

‘उजेड कमी आहे इथे.’

‘उजेड रोजचाच आहे. चिमूटभर घेऊन छोट्या फ्लास्कमध्ये टेस्ट लावू का? तासाभरात कळेल.’

‘राव गेस्टरूममध्ये येऊन बसलेत. रिअ‍ॅक्टरमध्ये त्यांचा माल चढलाय. आता टेस्ट?’

तिनं मोजे काढले. माझ्याकडे वळून साधेपणानं विचारलं, ‘बॉक्स नीट होता ना, सर?’

‘होता.’

‘मग ठीक आहे.’

माझ्या एका शब्दावर तिनं कॅटॅलिस्ट उचलला, बंद भांड्यात भरला आणि स्वतःच्या हातानं रिअ‍ॅक्टरमध्ये सोडला. पुढचं सुरुवातीलाच सांगितलं आहे.

रावांनी दिलेला माल महिनोन् महिने खपून तयार केलेला होता. त्यातला बराचसा अर्धवट होऊन वाया गेला. दुपारी कॉन्फरन्स रूममध्ये बसलो. राव, दातारसाहेब, मी, प्रज्ञा. शेडगेमामांना युटिलिटीबद्दल काही विचारायचं झालं तर म्हणून दाराशी उभं केलं होतं. खुर्ची दिली नव्हती.

रावांनी इंग्रजीत विचारलं, कॅटॅलिस्ट खराब होता हे उघड आहे, तर तो कधी खराब झाला? शेवटी कोणी हाताळला?

‘मी,’ प्रज्ञा म्हणाली.

‘आणि त्याच्या आधीचे दोन दिवस?’

‘बॉक्समध्ये वाळत होता.’

‘उघडा?’

‘बॉक्समध्ये उघडाच ठेवतात.’

‘बॉक्सवर लक्ष कोणाचं होतं?’

प्रज्ञा माझ्याकडे बघायला लागली, पण दातारसाहेब आधी बोलले. ‘ती नागपूरला गेली होती. रजेवर.’

रावांनी ‘आय सी’ म्हटलं आणि वहीत काही तरी टिपलं. जातीचं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरज नव्हती. दसऱ्याला नागपूरला कोण जातं हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही पूजेसाठी अख्खा कारखाना बंद ठेवला, तो सण होता. ती गेली, ती रजा ठरली.

प्रज्ञा मात्र कामाचंच बोलत होती. ‘सर, ट्रायलनंतर मी बॉक्स पुन्हा तपासला. आतला बल्ब माझा नाही. माझ्या बल्बचं भोक बाजूला असतं, याचं वर आहे. कोणी बदलला?’

‘मी बदलला,’ मी म्हणालो. ‘फिलामेंट जुनं झालं होतं.’

‘जाताना धूर आला होता का?’

हाच प्रश्न. सगळी ट्रायल, सगळा ठपका, त्या मुलीचं पुढचं आयुष्य या एका प्रश्नावर होतं, आणि तो तिनं अगदी अचूक विचारला होता. रावांना बल्बचं काही कळलं नव्हतं. दातारसाहेब मोबाइल बघत होते. दाराशी शेडगेमामा मान खाली घालून उभे होते.

‘नाही,’ मी म्हणालो.

‘मग मला सांगता येत नाही काय झालं,’ ती म्हणाली.

मीटिंग संपल्यावर शेडगेमामांनी मला बॉयलरपाशी गाठलं.

‘साहेब, धूर तर म्या बी बघितला.’

‘माहीत आहे, मामा.’

‘मॅडमवर नाव आलंय. बंद करा म्हणून तुमीच म्हणला व्हता. मी बोलू का? बोललो तर माजी नोकरी जातीय, न्हाई बोललो तर तिची.’

‘तुम्ही काही बोलू नका. मी बघतो.’

‘बघा मग,’ ते म्हणाले. ‘आमी तुमच्यावर इस्वास ठेवून गप बसतो.’

मी बघितलं ते असं. रूट कॉज रिपोर्ट लिहिला. रूट कॉज म्हणजे बिघाडाचं मूळ कारण. रिपोर्टमध्ये नायट्रोजन प्लँटचा उल्लेखच केला नाही. लिहिलं, ‘संबंधित केमिस्टने कॅटॅलिस्ट उघड्या अवस्थेत ठेवून रजेवर प्रस्थान केले. साठवणुकीत निष्काळजीपणा.’ लिहिताना स्वतःला समजावत होतो की हे तात्पुरतं आहे. काम हातातून गेलं तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील. एकदा ट्रायल जमू दे, मग निवांतपणे सांगू.

ट्रायल पुढच्या महिन्यात जमली. रावांनी उरलेला माल दिला, मी प्रज्ञाच्याच पद्धतीनं कॅटॅलिस्ट करवून घेतला, नायट्रोजन प्लँटशी पाळीपाळीनं माणूस बसवला. बुडबुडे दुपारभर आले. काम आम्हाला मिळालं. रावांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. सांगायला तो दिवस चांगला होता. मी सांगितलं नाही. त्यानंतरचा प्रत्येक दिवस सांगायला आणखी वाईट होत गेला.

प्रज्ञा ती ट्रायल बघायला नव्हती. तिला आर अँड डीतून काढून डॉक्युमेंटेशनला बसवलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या बॅचचे कागद तपासायचे. हिवाळ्यातच तिनं राजीनामा दिला. तो द्यायला माझ्याच टेबलापाशी आली.

‘कुठे मिळालंय का?’ मी विचारलं.

‘अजून नाही.’

‘मग थांब ना थोडं.’

‘सर, बॉक्सला हात लावायचा नसेल तर थांबून काय करू?’

तिनं नंतर दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. तिथून आमच्याकडे चौकशीचे फोन आले. एचआरनं रिपोर्टात होतं ते सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही असं त्यांना वाटलं असणार.

पुढचा दसरा यायच्या आधी मी एक नवी सूचना काढली. सणाच्या पूजेदरम्यान व त्यानंतर नायट्रोजन प्लँट बंद करू नये, स्टँडबाय सिलिंडरचा दाब नोंदवावा. खाली माझी सही. ही सूचना का निघाली असं कुणीही विचारू शकलं असतं. कुणी विचारलं नाही. शेडगेमामांनी ती बोर्डावर चिकटवली आणि म्हणाले, ‘मशिनीचं नीट झालं, साहेब.’ पुढे माझ्याशी ते कामापुरतं बोलत. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी मला हार घातला नाही, गर्दीत मागे उभे राहिले. नंतर चहाच्या वेळी म्हणाले, ‘तुमी बोलला न्हाई म्हणून मी बी बोललो न्हाई. आता कुणाला नावं ठिवायची?’

गेल्या वर्षी शेडगेमामा वारल्याचं कळलं. त्यानंतर मला घरात बसवेना. सकाळी फिरायला निघायचो आणि अर्ध्यातून परत यायचो. पुस्तक उघडायचो, मिटायचो. शेवटी पत्ता काढून प्रज्ञाच्या घरी गेलो. ती आता मुळशीतल्याच माण गावात राहते. पूर्वी जिथे भाताची खाचरं होती तिथल्या एका इमारतीत. ज्युनिअर कॉलेजात बारावीला केमिस्ट्री शिकवते. केस पांढरे झालेत. तिनं दार उघडलं, ओळखलं, पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. कॉम्प्रेसर, सिलिंडर, लुळे मोजे, धूर. मध्ये न थांबता. तिनं ऐकून घेतलं.

‘मला वाटलंच होतं तुम्ही कधी तरी याल,’ असं काही ती म्हणेल अशी माझी कल्पना होती. ती म्हणाली, ‘हे मला सांगून काय उपयोग, सर? मी काय केलं नव्हतं हे मला ठाऊकच आहे.’

‘मला माफी मागायची होती.’

‘मागा. पण ती तुमची गरज झाली.’ ती ग्लास उचलून आत गेली आणि परत आली. ‘त्या खोलीत जे बसले होते, त्यांना सांगितलंत?’

‘नाही.’

‘मग आधी त्यांना सांगा. ज्यांना सांगितलं होतं त्यांना.’

मी तिला विचारलं, पुन्हा बॉक्सवर काम केलंस का. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘मुलांना फळ्यावर दुहेरी बंध काढून दाखवते. दोन रेघा.’ मग घड्याळ बघून म्हणाली, ‘माझा क्लास आहे.’

तिथून मी सरळ भूगावला दातारसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. कंपनी त्यांनी केव्हाच विकली आहे. ते बागेत बसले होते. ऐकून म्हणाले, ‘अहो, पण आता कशाला? कंपनी नाही, प्रॉडक्ट नाही. तो रिपोर्ट रद्दीत गेला असेल.’

‘रिपोर्ट गेला असेल. रावांना फोन लावा.’

‘ते तरी कुठे लक्षात ठेवणार आहेत?’

‘लावा, साहेब.’

त्यांनी कुरकुरत लावला, माझ्या हातात दिला. रावही निवृत्त झालेत. माझं नाव, कंपनीचं नाव, ती रिअ‍ॅक्शन, काहीच त्यांना पटकन आठवेना. मी म्हणालो, पहिली ट्रायल फेल गेली होती, आठवतं का? सोनावणे म्हणून केमिस्ट होत्या.

‘अरे हां,’ ते हिंदीत म्हणाले. ‘वो छुट्टीवाली लड़की?’

रिअ‍ॅक्शन विसरले होते, मला विसरले होते. एवढं लक्षात राहिलं होतं.

मी त्यांना तिचं पूर्ण नाव सांगितलं. मग घडलेलं सांगितलं. ते म्हणाले, ‘आपने उस दिन क्यों नहीं बोला?’ भीती म्हणावी तर मला कुणी काढलं नसतं. फार तर दातारसाहेब चिडले असते. एवढ्यासाठी मी ते केलं.

एचआरचे लोक आता कुठे आहेत ते मला माहीत नाही. ज्या कंपन्यांनी चौकशी केली होती त्यांची नावंही आठवत नाहीत. म्हणून हे छापायला देतो आहे. त्यांच्यापैकी कुणी वाचलं तर रिपोर्टातलं ते वाक्य खोडून त्या जागी असं वाचावं: व्यवस्थापकाच्या तोंडी आदेशावरून नायट्रोजन पुरवठा बंद ठेवण्यात आला, केमिस्ट प्रज्ञा सोनावणे यांनी चाचणीची मागणी केली होती, ती व्यवस्थापकाने नाकारली.

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगेन. बिघाडाचं कारण शोधायला बसलात, तर जो माणूस रजेवर होता त्याच्यापासून सुरुवात करू नका. जो हजर होता आणि ज्याला कुणी काही विचारलं नाही, त्याच्यापासून करा.